लढाई सरली, पुढे काय?

मे महिन्यातल्या एका अभ्यासशिबिरात बारावी झालेल्या एका मुलाने मला विचारले, "सर, लढाई नसते तेव्हा एवढी मोठी फौज करते तरी काय?" मुले हसली. मला हसू आले नाही, कारण हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझा आजा पहिल्या महायुद्धात पलटणीत गेला, बाप दुसऱ्या महायुद्धात गेला, आणि लढाई सरल्यावर दोघांनाही घरी पाठवण्यात आले. दोघांचे डिस्चार्जचे कागद आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. आज्याचा कागद इंग्रजीत. महारवाड्यात तो कोणालाच वाचता येत नव्हता. मी कॉलेजात गेलो तेव्हा तो पहिल्यांदा नीट वाचला गेला. वर्तणूक चांगली. काढून टाकण्याचे कारण : पलटण कमी केली म्हणून. आजा एवढेच म्हणायचा, "लढाई सरली, तसं आपुनबी सरलो."

आपल्या लष्करी परंपरेविषयी आपण बोलतो तेव्हा लढायांविषयी बोलतो. १८१८ चे कोरेगाव, तिथला स्तंभ, त्यावरची 'नाक'कारान्त नावे. हे बोललेच पाहिजे. पण आपले बरेवाईट रणांगणावर ठरलेले नाही. ते लढाई संपल्यानंतर, कचेरीत, खर्चाच्या कागदांवर ठरले. युद्धात माणसे कमी पडतात, म्हणून दार उघडते. शांततेत माणसे जास्त होतात, म्हणून निवड सुरू होते. आणि या देशात निवड आली की जात आली. हा माझा मुद्दा आहे. तो पटवण्यासाठी आधी शांततेच्या काळातली फौज कशी चालते हे सांगतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांना मंत्रालयाची खाती तोंडपाठ असतात, फौजेची नसतात.

१. फौजेचा संसार

फौज म्हणजे फार मोठा संसार. लढाई हा त्या संसारातला क्वचित येणारा प्रसंग आहे; रोजचे काम आहे ते माणसे, अन्न, कपडा, निवारा, हत्यारे, औषध आणि पैसा यांचा हिशेब ठेवणे. इंग्रजांनी घालून दिलेली आणि स्वातंत्र्यानंतर मोठ्या प्रमाणात चालू राहिलेली घडी अशी : लढाईच्या योजना जनरल स्टाफने आखायच्या. भरती, शिस्त, रजा, बढती आणि सुटका ही माणसांची कामे ॲडज्युटंट जनरलच्या शाखेकडे. शिधा, चारा, वाहतूक, राहण्याची जागा ही कामे क्वार्टरमास्टर जनरलकडे. बंदुका, दारूगोळा, कपडालत्ता ऑर्डनन्सकडे. आणि या सर्वांच्या डोक्यावर लष्करी हिशेबखाते.

शिपायाच्या बाजूने पाहिले तर हीच व्यवस्था अशी दिसते. भरती झाली की तो रेजिमेंटच्या केंद्रात जातो, कवायत शिकतो. त्याच्या नावाचा कागद रेकॉर्ड ऑफिसात उघडतो. त्यात गाव, जात, धर्म, वारस, लग्न, मुले, जखमा, शिक्षा, रजा असे सारे भरले जाते. तो शिपाई मेला तरी कागद जगतो. विधवेला जे मिळायचे ते त्या कागदावरून मिळते. कागदात नाव चुकले की बाई वर्षानुवर्षे खेटे घालते. फौजेत बंदुकीपेक्षा कागद कमी ताकदीचा नसतो, हे ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना सांगायला नको.

आता लढणाऱ्याच्या मागे काय काय लागते ते मोजून पाहा. भाकरी आणि डाळ, ती शिजवणारा लांगरी, पाणी आणणारा भिस्ती, खच्चर आणि खच्चरवाला, जखमीला उचलणारा डोलीवाला, बुटाला टाच मारणारा मोची, धोबी, न्हावी, मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री, गोदामातला हमाल, आणि संडास साफ करणारा, ज्याला कागदोपत्री 'स्वीपर' म्हणत. लष्करी भाषेत लढणाऱ्या तुकड्यांना 'दात' आणि या मागच्या सर्वांना 'शेपूट' म्हणतात. युद्ध संपले की प्रत्येक सरकार एक समिती नेमते, आणि समिती विचारते, शेपूट केवढे कापायचे? जनावराचे शेपूट कापले तर रक्त जनावराचेच जाते. इथे मात्र रक्त कोणाचे गेले याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

२. शांततेने मऊ पडलेले लोक

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी पील आयोग नेमला आणि फौजेची फेररचना केली. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई त्या आधीपासून होते आणि त्यानंतरही राहिले. त्या काळात पलटणीतल्या अस्पृश्य शिपायाला एक गोष्ट मिळत होती, जी गावात कधीच मिळाली नसती. ती म्हणजे शाळा. लष्करातील शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण देण्याची सोय छावणीत होती. ही लढाईची नव्हे, शांततेच्या काळातली सेवा होती. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. गोपाळबाबा वलंगकर हेही पेन्शनर फौजी. शिवारात राबणाऱ्या माणसाला जी उसंत आणि अक्षरओळख मिळत नव्हती, ती पेन्शनरला मिळाली. आपल्या चळवळीच्या पहिल्या पिढीतले कितीतरी लोक पेन्शनरांच्या घरांतून आले, याचे कारण छावणीत आहे.

आणि नेमके हेच दार शांततेने बंद केले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचे म्हणणे असे की, ज्या प्रांतात बरीच वर्षे शांतता आहे तिथले लोक मऊ पडतात. खरे लढवय्ये वायव्येकडचे. यालाच पुढे लढाऊ जमातींचा सिद्धान्त म्हटले गेले. १८९० च्या दशकाच्या आरंभी पलटणी जातवार कंपन्यांमध्ये बांधल्या जाऊ लागल्या आणि महारांची भरती थांबली. सवर्ण शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम कसा मानणार, ही अडचणही होतीच. हे अपयश रणांगणावरचे नव्हते. कोणत्याही लढाईत हरल्याबद्दल ही शिक्षा झाली नव्हती. शांतता होती, नवी यादी करायला वेळ होता, आणि त्या यादीत आपले नाव नव्हते.

नोकरीबरोबर शाळाही गेली, पेन्शनही गेली. म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला, आणि १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्याकडे अर्ज धाडून लष्कराची, पोलिसाची आणि सरकारी नोकऱ्यांची दारे उघडा असे बजावले. आजच्या काही तरुणांना या अर्जांची भाषा नरम वाटते. मला ती तशी वाटत नाही. ज्याच्याकडे मागणी करण्याचे एकही साधन नव्हते, त्याने सरकारच्याच जुन्या नोंदी पुढे करून सरकारला जाब विचारला होता.

३. १९१७ ते १९२१

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा लढाऊ जमातींचा सिद्धान्त हळूच बाजूला सारण्यात आला. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. माझा आजा सातारा जिल्ह्यातल्या गावातून चालत जाऊन भरती झाला. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. येसकराची पाळी करणाऱ्या माणसाला रोख पैसा दिसत नव्हता. त्याच्या हाती दर महिन्याला ११ रुपये आले.

त्याच युद्धात आपल्यातले आणि आपल्यासारखे असंख्य लोक बंदुकीविना गेले. हिंदुस्थानातून त्या युद्धासाठी सुमारे १४ लाख माणसे घेतली गेली आणि त्यांपैकी ५ लाखांहून अधिक बिनलढाऊ होती. हमाल, खच्चरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, सफाईवाले. यातल्या लाखोंना मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात नेले. हे लोक नसते तर तिथली फौज तहानेने आणि रोगराईने मेली असती. पण त्यांच्यातही पायऱ्या होत्या. १९१७ मध्ये खच्चरवाले आणि डोलीवाले यांसारख्या 'वरच्या' बिनलढाऊंच्या नोकरीच्या अटी शिपायाच्या जवळ आणण्यात आल्या. भिस्ती, मोची, सफाईवाला हे 'हलक्या कामाचे' म्हणून खालीच राहिले. गोळी लागण्याचा धोका सर्वांना सारखा. कागदावरचा दर्जा मात्र गावातल्यासारखा. गावगाडा बोटीत बसून बसऱ्याला गेला होता.

१९१८ मध्ये लढाई संपली. मग समित्या बसल्या. एशर समितीने १९२० मध्ये फौजेच्या रचनेचा अहवाल दिला. १९२२ मध्ये इंचकेप समिती नेमली गेली. तिचे काम सरकारी खर्चाला कात्री लावणे हे होते, आणि सर्वांत मोठा खर्च फौजेचा होता. १९२२ च्या फेररचनेत सुट्या पलटणी एकत्र करून पायदळाच्या मोठ्या रेजिमेंट बनवल्या गेल्या आणि प्रत्येकीला शिक्षणाची एक कायम पलटण दिली. प्रशासनाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. भरती, कवायत आणि नोंदी एका ठिकाणी आल्या. याच काळात मागची खातीही नीट बांधली गेली. १९२० मध्ये इंडियन हॉस्पिटल कोअर, पुढे ऑर्डनन्स कोअर, आणि १९२३ मध्ये पुरवठा व वाहतूक खात्याचे आर्मी सर्व्हिस कोअर झाले. युद्धात जे घाईने जमवले होते त्याला शांततेत नियम मिळाले.

पण या नव्या घडीत १११ महार नव्हती. ती १९२१ मध्येच मोडली होती. कारण विचारले तर उत्तर तयार होते : काटकसर. काटकसर खोटी नव्हती. तिजोरी खरोखरच रिकामी होती. पण काटकसरीत कोणाला ठेवायचे आणि कोणाला घालवायचे हे पैसा ठरवत नाही, माणूस ठरवतो. जुन्या पलटणी ठेवायच्या आणि युद्धात उभ्या केलेल्या मोडायच्या, हा नियम ऐकायला निःपक्षपाती वाटतो. मग विचारा, आमची पलटण नवी का होती? कारण जुन्या पलटणींतून आम्हाला १८९० च्या दशकात काढले होते. एका शांततेने काढले म्हणून आम्ही नवे, आणि नवे म्हणून दुसऱ्या शांततेने काढले. नियमाच्या पोटात जुना अन्याय असा दडून बसतो. आरक्षणाच्या बिंदुनामावलीपासून सेवाज्येष्ठतेपर्यंत आजच्या कितीतरी वादांत हीच गोष्ट दिसेल.

युद्धोत्तर बक्षिसांचेही तसेच. १९१९ मध्ये सैनिकांच्या कल्याणासाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचाच वारस. पंजाबात कालव्याच्या वसाहतींत फौजींना जमिनी मिळाल्या. माझ्या आज्याने तीन-चार वर्षे नोकरी केली होती. पेन्शनपुरती ती भरली नव्हती. तो एक चांगला कोट आणि तो कागद घेऊन गावी आला. आठ दिवसांत पाटलाने निरोप धाडला की येसकराची पाळी तुमच्या घरावर आहे. आज्याने पाळी केली. कोट घालून केली, असे आजी सांगायची. त्यावरून गावात बोलणी झाली.

४. शेपटातली भाकरी

आपल्यातल्या अनेकांचा फौजेशी असलेला संबंध १९२१ नंतर तुटला नाही, तो मागच्या दाराने चालू राहिला. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता, गोदामे होती. पुढे देहूरोडला मोठा डेपो झाला. कामठी, देवळाली, नगर, बेळगाव इथे छावण्या. या ठिकाणी आपली माणसे हमाल, गँगमन, पॅकर, सफाईवाले म्हणून लागली. याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

पहिली बाजू अशी की छावणीत भोंगा वाजला की काम सुरू आणि भोंगा वाजला की सुटी. पगार तारखेला. पाटलाचा निरोप नाही, मेलेले ढोर ओढायचे नाही, जोहार घालायचा नाही. नियम कठोर असतील, पण लिहिलेले होते. आणि लिहिलेल्या नियमाविरुद्ध अर्ज तरी करता येतो. गावच्या रूढीविरुद्ध अर्ज कोणाकडे करणार? या वस्त्यांतून संघटना उभ्या राहिल्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. धर्मांतराच्या पावणेदोन वर्षे आधी हे घडले, आणि ते एका लष्करी डेपोच्या गावी घडले, हा मला योगायोग वाटत नाही. तिथे महिन्याच्या पगारातून वर्गणी देणारी माणसे होती. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. बापाच्या खांद्यावर बसून गर्दी पाहिल्याचे आठवते, की घरच्यांनी सांगितलेलेच आठवते, हे आता सांगता येत नाही.

दुसरी बाजू अशी की काम देताना हात जातीकडे पाहूनच पुढे होत असे. झाडू कोणाला, हिशेबाची वही कोणाला, हे बहुधा आधीच ठरलेले असे. शेपटाच्याही टोकाला आपण.

५. १९४१ ते १९४७ : या वेळी कोणीतरी आत होते

दुसऱ्या महायुद्धात तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली, पण एक फरक पडला. १९२१ मध्ये निर्णय होत होता त्या खोलीत आपले कोणी नव्हते. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात त्यांनी फौजेच्या जातवार-प्रांतवार रचनेची चिरफाड करून लढाऊ जमातींचा सिद्धान्त ही १८५७ नंतरची राजकीय सोय आहे हे दाखवून दिले होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, आणि दुसरी त्यानंतर लवकरच कामठीला. माझा बाप १९४२ मध्ये गेला. तिथे तो मोटार चालवायला शिकला.

युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी फौज सुमारे २ लाख होती; संपताना सुमारे २५ लाख. आणि ऑगस्ट १९४७ मध्ये तिची फाळणी झाली तेव्हा उरलेली ४ लाखांच्या आसपास. म्हणजे दोनच वर्षांत वीस लाखांच्या घरात माणसे घरी गेली. त्यांना नुसते आगगाडीचे तिकीट देऊन सोडले तर काय होते हे १९२१ ने दाखवले होते. म्हणून जुलै १९४५ मध्ये केंद्र सरकारच्या मजूर खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. काम होते सुटका झालेले सैनिक आणि युद्धकामावरून कमी झालेले मजूर यांना नोकरी आणि धंदेशिक्षण देणे. त्या खात्याचे मंत्री बाबासाहेब होते. ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, ज्याच्या रांगेत सत्तर-ऐंशीच्या दशकांतला आपला प्रत्येक पदवीधर उभा राहिला, त्याचा उगम हा आहे. १९४८ मध्ये ती कचेरी सर्वांना खुली झाली. १९५० मध्ये याच खात्याने कारागीर प्रशिक्षण सुरू केले, त्यातून आजच्या आयटीआय आल्या. लढाईनंतरच्या प्रशासनाची ही सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे, आणि बाबासाहेबांच्या चरित्रांत तिला चार ओळीही मिळत नाहीत.

पलटणींचे काय झाले? युद्धात अस्पृश्य जातींच्या अनेक पलटणी उभ्या केल्या होत्या. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी राहिली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. १९४६ मध्ये मोडली गेली. मजहबी आणि रामदासिया शिखांची कहाणी आणखी बोलकी आहे. मजहबी शीख पूर्वी पायोनिअर पलटणींत होते. रस्ते खोदायचे आणि वेळ आली तर लढायचे, हे त्यांचे काम. १९३३ मध्ये काटकसर म्हणून पायोनिअर पलटणी मोडल्या. १९४१ मध्ये माणसे हवी झाली तेव्हा याच लोकांची नवी रेजिमेंट काढली, तीच पुढे शीख लाइट इन्फन्ट्री म्हणून टिकली. महार रेजिमेंटही या वेळी टिकली. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केले गेले. हा बदल साधा नव्हता. मशीनगनवाली तुकडी इतर पलटणींच्या मदतीला वाटून द्यावी लागते, म्हणून ती सर्वांनाच हवी असते. जी सर्वांना हवी ती मोडणे अवघड. तिचे केंद्र कामठीहून १९४८ मध्ये सागरला गेले, तिथे ते आजही आहे. आणि फाळणीच्या वणव्यात या रेजिमेंटच्या पलटणी पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांचे रक्षण करीत होत्या. कागदावर युद्ध संपलेले होते. स्वतः गावकुसाबाहेरचे असलेले लोक बेघर झालेल्यांना पोचवीत होते.

रेजिमेंट टिकली म्हणून प्रत्येक शिपाई टिकला असे नाही. माझ्या बापाला १९४६ मध्ये सोडले. त्याच्या कागदावर 'ड्रायव्हर' असे स्पष्ट लिहिलेले होते. एका कचेरीतल्या कारकुनाने कागद वाचला, वर पाहिले, आडनाव पुन्हा विचारले आणि रजिस्टरात 'मजूर' असे लिहिले. बापाने काही म्हटले नाही. पुढची अकरा वर्षे त्याने खोकी उचलली. अकरा वर्षांनी एक ड्रायव्हर आजारी पडला, गाडी अडली, तेव्हा कोणीतरी विचारले की कोणाला चालवता येते का. कायदा झाला, खाते झाले, मंत्री आपला होता. तरी शेवटची नोंद त्या कारकुनाच्या हातात होती. म्हणून नुसते वर माणूस असून भागत नाही. टेबलाटेबलावर लागतो.

६. आजची शांतता

स्वातंत्र्यानंतर भरती सर्वांना खुली आहे हे सरकारचे धोरण झाले, पण जुन्या पलटणींची जातवार घडण बरीचशी राहिली, आणि गणवेशातल्या नोकऱ्यांना आरक्षण लागू नाही. संरक्षण खात्यातल्या नागरी नोकऱ्यांना ते लागू आहे. म्हणजे गोदाम, कारखाना, डेपो, डेअरी यांत. आपल्या दृष्टीने शेपूट हे दातांपेक्षा मोलाचे होते, ते यासाठी.

आता ते शेपूटही आखडते आहे. शेकटकर समितीच्या शिफारशींनंतर २०१७ मध्ये सरकारने सुमारे ५७ हजार पदांची फेरवाटणी जाहीर केली, त्यात ३९ लष्करी डेअरी फार्म बंद करण्याचा निर्णय होता. २०२१ मध्ये ते बंद झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या, त्यात खडकीचा कारखानाही आला. प्रत्येक निर्णयाला कार्यक्षमतेचे कारण आहे, आणि काही कारणे खरीही असतील. पण आकड्यांखाली सही करताना कोणीतरी विचारावे लागते, या पदांवर कोण होते, आणि ते काम आता ठेकेदाराकडे गेले तर तिथे कोण असेल? काम संपत नाही. झाडू तसाच राहतो. जाते ती नोकरी, पेन्शन आणि आरक्षण.

भरतीचेही पाहा. लष्करात आजही आठवी पासवर घेतले जाते ते 'हाउसकीपर' आणि 'मेसकीपर' या कामांसाठी. नावे बदलली, सन्मान थोडा वाढला, तोही संघर्षाशिवाय आला नसेल. पण आठवीत शाळा सुटते ती कोणाची?

आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करायचे. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी, पेन्शन नाही. पूर्वी लढाईपुरता शिपाई ठेवीत आणि लढाई सरली की सोडीत. आता लढाई नसतानाही बहुतेक शिपाई लढाईपुरत्याच अटींवर आहेत. माझ्या आज्याची साडेतीन वर्षे आणि यांची चार, हिशेब जवळपास सारखाच पडतो. फरक हा की ११ लाख रुपये खरे आहेत आणि आज्याला ते मिळाले नव्हते. हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याला जसे कोणी विचारले नाही की उद्यापासून काय करशील, तसे यांना विचारणारे खाते कुठे आहे? १९४५ मध्ये सुटकेच्या वेळीच पुनर्वसनाचे खाते उभे केले गेले. तो मापदंड आहे. त्याच्या खाली कोणतीही योजना आली तर ती आपण स्वीकारता कामा नये.

२५ टक्के कोण निवडणार, कोणत्या कसोटीवर, आणि त्या यादीची सामाजिक मोजणी जाहीर होणार का, हे प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी खासदारांना लेखी विचारले पाहिजेत. सुटून येणाऱ्या मुलांच्या कागदावर जे कौशल्य लिहिले आहे तेच पुढच्या रजिस्टरात चढते की नाही, हे तालुक्यातालुक्यात पाहिले पाहिजे. शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांना घरच्या पेट्या उघडायला सांगा. आज्या-पणज्याचा डिस्चार्ज, पेन्शनचे पुस्तक, डेपोचा पास, पितळी बिल्ला जे सापडेल त्याची नक्कल करून ठेवा. आपला इतिहास दुसऱ्यांच्या रेकॉर्ड ऑफिसात पडला आहे. निदान आपल्या हातातला कागद तरी आपण वाचलेला असावा.

शिबिरातल्या त्या मुलाला मी एवढे सगळे सांगितले नाही. तो भरतीची तयारी करीत होता. पहाटे उठून धावत होता. जाऊ नकोस असे मी म्हटले नाही. ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी त्याला आज्याचा कागद दाखवला. त्याने तो वाचला, शेवटच्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, "सर, म्हणजे यांचं काही चुकलं नव्हतं?"

नाही, मी म्हटले. काही चुकले नव्हते.